ट्रंकेतला पांडवगड

वाईजवळच्या एका गावातून एका दादांचं पत्र आलंय, चार पानं हातानं लिहून त्यांचे फोटो काढून पाठवलेत. सगळं इथे देता येणार नाही म्हणून थोडक्यात सांगते. वय ४९. लग्नं, बारशी, साखरपुडे यांच्या ऑर्डरी घेतात, घर त्यावरच चालतं. पण २००१ पासून, म्हणजे स्वतःचं लग्नही झालं नव्हतं तेव्हापासून, पांडवगड, कमळगड, धोमचं पाणी, कृष्णाकाठ हे सगळं ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढतायत, आधी रोलवर, आता थोडं रोलवर थोडं डिजिटलवर. २०११ मध्ये साताऱ्यात एक छोटं प्रदर्शन केलं, ३० फोटो लावले, २ विकले गेले, त्यातला एक सख्ख्या मामांनी घेतला. त्यानंतर एकही प्रिंट काढलेला नाही. निगेटिव्हच्या दोन ट्रंका पलंगाखाली आहेत. मुलगी म्हणते बाबा कलर टाका, पावसाळ्यात सह्याद्री एवढा हिरवागार असतो आणि तुम्ही त्याला राखाडी करून ठेवता. मेव्हणे म्हणतात जुने कॅमेरे विका आणि ड्रोन घ्या, लग्नात मागणी आहे. वहिनी काहीच म्हणत नाहीत, "आणि ताई, तिचं न बोलणंच जास्त लागतं." विचारलंय एवढंच, की आता कलरकडे वळू का, की हे बंदच करू, आणि इतकी वर्षं फुकट गेली का.

दादा, फुकट गेली का ते मला सांगता येणार नाही कारण मी तुमचे फोटो पाहिलेले नाहीत. आणि रागावू नका, पण तुम्हीही पाहिलेले नाहीत. रोल धुतला, उजेडासमोर धरून बघितला, बरा आलाय म्हणालात आणि ट्रंकेत ठेवला, एवढ्यानं फोटो बघून होत नाही हो. तुमचं चार पानी पत्र मी तीनदा वाचलं, त्यात कॅमेरा आहे, लेन्स आहे, पहाटे चारला उठून चढलेला गड आहे, इन्स्टा आहे, मेव्हणे आहेत, पण प्रिंट हा शब्द फक्त त्या २०११ च्या प्रदर्शनाच्या ओळीत येतो. मला तर सगळं दुखणं तिथेच दिसतं.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कामाच्या खोलीत ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन फोटोग्राफरच्या फोटोचं एक जुनं कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे, चंद्र आणि खाली छोटं गाव असलेलं. मग त्यांच्याबद्दलच बोलू, कारण ब्लॅक अँड व्हाइट निसर्गचित्रं काढत अख्खं आयुष्य काढलेला त्यांच्याइतका मोठा माणूस दुसरा सापडणं अवघड, आणि कॅलेंडरवरून त्यांच्याबद्दल जे वाटतं त्यातलं बरंच चुकीचं असतं.

तो चंद्राचा फोटो न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ नावाच्या गावाचा. १९४१ चं साल, संध्याकाळची वेळ, ॲडम्स गाडी चालवत चाललेले, सोबत आठ वर्षांचा मुलगा मायकल आणि एक जुना मित्र. डावीकडे बघतात तर चंद्र वर आलेला, लांबवर बर्फाचे डोंगर आणि चर्चच्या स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. गाडी बाजूला घेतली, ८ बाय १० इंचाचा अवजड कॅमेरा उभा केला, आणि उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना. सामान उपसत बसले असते तर ऊन गेलं असतं. चंद्राचा उजेड किती असतो तो आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून मनातल्या मनात हिशोब केला, लेन्सपुढे पिवळ्या काचेचा फिल्टर, एफ ३२ म्हणजे लेन्सचं तोंड अगदी बारीक, आणि एक सेकंद. एक निगेटिव्ह घेतली, दुसरी घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन संपलं होतं. म्हणजे एकच निगेटिव्ह.

ही गोष्ट फोटोवाल्या सगळ्यांना माहीत असते आणि सगळे इथेच थांबतात, बघा कसा क्षण पकडला वगैरे. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती निगेटिव्ह प्रिंट करायला अतिशय त्रासदायक होती, आकाशात बारीक ढगांचे पट्टे, खालचा भाग पातळ, गाव नीट उठून यायचंच नाही. ॲडम्सनी ती सोडली नाही. सात वर्षांनी, १९४८ मध्ये, त्यांनी ती पुन्हा धुतली आणि तिचा फक्त खालचा भाग एका रसायनात बुडवून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवला. एकुलती एक निगेटिव्ह परत केमिकलमध्ये घालायची म्हणजे केवढी छाती लागली असेल, तुम्ही स्वतः रोल धुता, तुम्हाला ते मी सांगायला नको. आणि त्यानंतरही बदल होतच राहिले. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश बरंच उजळ आहे, ढग दिसतात, पुढच्या वर्षांत ते गडद होत होत जवळजवळ काळं झालं. तुमच्या कॅलेंडरवर जे काळंभोर आकाश आहे ना, ते त्या संध्याकाळी तसं नव्हतंच, ते डार्करूममध्ये वर्षानुवर्षं आलंय. त्या एका निगेटिव्हचे त्यांनी हयातीत १३०० च्या वर प्रिंट काढले.

एक सेकंदाचं एक्स्पोजर आणि मग जवळजवळ चाळीस वर्षांचं प्रिंटिंग, असं आहे ते.

हे त्यांना कुठून आलं तर पियानोतून. सॅन फ्रान्सिस्कोत १९०२ साली जन्म, आणि तरुणपणी ठरलेलं होतं की पियानोवादक व्हायचं, रोज तासन्‌तास रियाज. १९१६ मध्ये, १४ वर्षांचे असताना, घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटी दरीत सुट्टीला गेले तेव्हा हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा मिळाला, आणि त्यानंतर आयुष्यभर दरवर्षी ते तिथे जातच राहिले. तरी संगीत सोडून फोटोग्राफीच करायची हा निर्णय व्हायला १९३० उजाडलं. त्यामुळे ते नेहमी संगीताच्याच भाषेत सांगायचे की निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेलं नोटेशन आणि प्रिंट म्हणजे मैफल. आपल्याकडे तर हे समजायला सोपंच आहे, बंदिश वहीत लिहिलेली असते म्हणून कोणी ती ऐकली असं म्हणत नाही, आणि तोच यमन माणूस पंचविशीत वेगळा गातो, साठीत वेगळा गातो. दादा, तुमच्या दोन ट्रंका बंदिशींनी भरलेल्या आहेत आणि तुम्ही मला विचारताय की मी गायचं बंद करू का.

आता कलरचं. मुलीचं म्हणणं मला अर्धं पटतं, हे स्पष्टच सांगते. पावसाळ्यातला हिरवा रंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फार फसवतो. डोळ्याला पोपटी, गडद, शेवाळी असे वीस हिरवे दिसतात आणि फिल्मवर ते सगळे एकाच मधल्या करड्या रंगात येऊन बसतात, चिखल होतो नुसता. आणि तुम्ही लिहिलंय की तुम्ही ॲडम्सचं वाचून कायम लाल फिल्टर लावता. तिथेच तर गडबड आहे! त्यांनी १९२७ च्या एप्रिलमध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमच्या कड्याचा जो फोटो काढला त्यात लाल फिल्टर वापरला कारण तिथे वर स्वच्छ निळं आकाश होतं. एक प्लेट, म्हणजे फिल्मच्या जागी वापरायची काच, पिवळ्या फिल्टरवर घेऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे नेहमीसारखंच येणार, आपल्याला समोर जे जाणवतंय तो काळोखा, छातीवर येणारा कडा यात उतरणार नाही, मग शेवटच्या प्लेटवर गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं केलं. फोटो काढायच्या आधी तो प्रिंटमध्ये कसा दिसणार हे मनात बघायचं, ही गोष्ट आपल्याला त्या दिवशी कळली असं ते पुढे सांगत.

लाल फिल्टर निळं गडद करतो. जुलैत वाईला निळं आकाश असतं कुठे? ढगांनी भरलेलं पांढरं आकाश कुठल्याच रंगाच्या फिल्टरनं काळं होत नाही, आणि वर लाल फिल्टर हिरव्याला आणखी बुडवतो. म्हणजे आकाश पांढरं फटक आणि डोंगर काळा गोळा, बरोबर ना? जून ते सप्टेंबर तो फिल्टर बॅगेत ठेवा. हिरवा किंवा पिवळसर हिरवा लावून बघा, पानं, गवत उजळ होतं आणि मागचा ओला कातळ काळाच राहतो, तिथे मग फरक दिसायला लागतो. डिजिटलवर काढलेले असतील तर रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलमध्ये, हिरव्या आणि पिवळ्याची पट्टी सरकवून हेच करता येतं, आधी जुन्या फाइल्सवर करून बघा. आणि आकाश पांढरं असेल तर ते फ्रेममध्ये घ्यायचंच कशाला, कड्यावरच राहा. लाल फिल्टर ऑक्टोबरात काढा, पाऊस ओसरल्यावर ते धुतलेलं निळं आकाश आणि कापसासारखे ढग येतात तेव्हा.

पण कलरकडे वळा असं मी नाही म्हणणार. आपला सह्याद्री मुळात काळ्या दगडाचा डोंगर आहे, लाव्ह्याचे थरावर थर, पायऱ्यापायऱ्यांचा, त्यावरून पांढऱ्या धारा पडतात आणि मध्ये धुकं येतं जातं. अशा डोंगराला राखाडी म्हणणाऱ्या लेकीला एकदा ओल्या कातळाचा चांगला प्रिंट हातात द्या, स्क्रीनवर नको, हातात. कलर करायचा तर लग्नात करताच आहात. इन्स्टावर मागणी आहे म्हणून डोंगराचा कलर कराल तर तो तुम्ही मनापासून करणार नाही, आणि मन नसलं की फोटोत ते दिसतं.

लग्नाच्या ऑर्डरींबद्दल तुम्ही ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला आवडला नाही. "पोटासाठी करावं लागतं" असं दोनदा आलंय. ॲडम्सनी काय काय केलंय ठाऊक आहे का? योसेमिटीतल्या हॉटेल चालवणाऱ्या कंपनीसाठी जाहिरातीचे फोटो, कॅटलॉगची कामं, मासिकांची कामं, आणि कोडॅकसाठी चक्क कलर फोटो, न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ६० फूट लांबीच्या ज्या भल्यामोठ्या रंगीत पारदर्शिका लावायचे त्यातल्या काही त्यांच्या होत्या. रंगीत फोटो त्यांना स्वतःला फारसे समाधान देत नसत, तरी काम आलं की नीट करायचे. १९२७ मध्ये त्यांचा पहिला पोर्टफोलिओ निघाला तो १८ प्रिंट्सचा, किंमत ५० डॉलर, आणि तोसुद्धा विमा व्यवसायातल्या अल्बर्ट बेंडर नावाच्या एका कलाप्रेमी माणसानं आधी स्वतः १० संच घेऊन ओळखीपाळखीत खपवायला मदत केली म्हणून. तुमचे मामा आठवले ना? त्यांनी घेतलेला फोटो विक्रीत धरायचा नाही असं काहीतरी तुमच्या मनात दिसतं. धरा. सुरुवात अशीच होते, जवळच्या माणसापासून. त्याच चंद्राच्या फोटोचा एक मोठा प्रिंट १९८१ मध्ये ७१,५०० डॉलरला गेला, पण तेव्हा ॲडम्स ७९ वर्षांचे होते आणि तोवरची बहुतेक वर्षं त्यांनी ऑर्डरी घेतच काढली.

आता वहिनींचं. इथे मला ॲडम्सचं उदाहरण द्यायचंय पण उलट्या बाजूनं. त्यांची बायको व्हर्जिनिया, तिच्या वडिलांचा योसेमिटीत एक स्टुडिओ होता, चित्रं, भेटवस्तू, फोटो विकायचं दुकानच म्हणा, १९३६ मध्ये वडील गेल्यावर तो तिच्याकडे आला आणि पुढे कितीतरी वर्षं तिनं तो चालवला. घराला मोठा आधार तो होता. नवरा डोंगरात, प्रदर्शनांत, न्यू यॉर्कात. १९३३ मध्ये मायकलचा जन्म झाला तेव्हाही ॲडम्स सिएराच्या डोंगरात मोहिमेवर होते. फोटो कितीही मोठे असले तरी हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही पत्रात तुमच्या गड चढण्याचं दोन पानं वर्णन केलंय आणि वहिनींबद्दल एक ओळ आहे. त्या गप्प का आहेत ते मला इथे बसून कळणार नाही, तुम्ही विचारा. रागानं असेल, काळजीनं असेल, किंवा इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना एकदाही बसवून काही दाखवलंच नसेल. तुम्हीच म्हणता ट्रंक उघडायची नाही असा घरात नियम आहे. ज्या गोष्टीला हात लावायचा नाही तिच्याबद्दल माणूस बोलणार तरी काय?

म्हणून माझं म्हणणं असं की पुढचं वर्षभर नवीन फोटो कमी काढा. अगदी बंद नको, पण कमी. ट्रंक उघडा आणि वहिनींना, मुलीला सोबत घेऊन बसा. सगळे रोल एकदम करायला जाल तर आठवड्यात कंटाळाल. फक्त पांडवगड घ्या. तुम्ही लिहिलंय की घराच्या गच्चीवरून तो दिसतो आणि तो दर वर्षी काढलाय. म्हणजे त्याच जागेवरून तोच डोंगर, वीसपेक्षा जास्त वर्षं! त्यातल्या ४० निगेटिव्ह निवडा. डार्करूमचा कागद हल्ली सहज मिळत नाही आणि महाग पडतो, तुमचा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, चालू असेल तर उत्तमच, नसेल तर लाइट पॅडवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं तिचा नीट फोटो घ्या, आणि पुण्यात चांगल्या कॉटन कागदावर प्रिंट करून देणारे आहेत त्यांच्याकडून काढून घ्या. मोठे नकोत, ८ बाय १० पुरे. भिंतीवर महिनाभर लावून ठेवा, येताजाता बघा, पेन्सिलीनं त्यावरच खुणा करा, इथे गडद हवं, इथे उजळ. ॲडम्सही कुठे किती सेकंद जास्त उजेड द्यायचा आणि कुठे झाकायचं याच्या नोंदी ठेवायचे. मग ४० मधले १२ पुन्हा काढा. हे बारा मनासारखे यायला वर्ष लागलं तरी लागू दे.

आणि हे करताना एक गोष्ट तुम्हाला दिसेल, ती मी आधीच सांगते, कारण मला वाटतं तुमच्या कामाचं खरं मोल तिथे असेल. डोंगर बदललेला दिसेल. कुठे नवा रस्ता, कुठे पायथ्याला बंगले, कुठे माळ होता तिथे प्लॉट. ॲडम्स वयाच्या १७ व्या वर्षी सिएरा क्लब या डोंगरप्रेमी संस्थेत गेले आणि शेवटपर्यंत तिच्या कामात राहिले. १९३६ मध्ये किंग्ज कॅनियनचा भाग राष्ट्रीय उद्यान व्हावा म्हणून ते आपले फोटो घेऊन वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना भेटले, पुढे १९३८ मध्ये त्या डोंगरांचं पुस्तक काढलं, आणि १९४० मध्ये उद्यान झालं. फोटोमुळेच झालं असं नाही, बऱ्याच लोकांची धडपड होती, पण फोटोंनी काम केलं. तुमच्याकडे एका डोंगराची वीसपेक्षा जास्त वर्षांची नोंद आहे, अशी दुसऱ्या कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. गावच्या शाळेत लावा ते बारा फोटो, वर्ष लिहून. साताऱ्याच्या गॅलरीत नंतर बघू.

वर्ष लिहून म्हटलं, कारण तेही राहतं. त्या चंद्राच्या फोटोची तारीख ॲडम्सनी लिहून ठेवली नव्हती, स्वतः ते वेगवेगळी सालं सांगायचे, शेवटी खगोलाच्या जाणकारांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडून १ नोव्हेंबर १९४१ अशी काढली. तुमच्या पांडवगडावर चंद्र नसेल तर कोण काढून देणार? आत्ता आठवतंय तोवर प्रत्येक पाकिटावर महिना आणि साल टाका, वहिनींना विचारा, त्यांना लग्नकार्यांवरून तुमच्यापेक्षा चांगलं आठवत असेल.

कॅमेरे विकायचं म्हणाल तर एखादा विका, तीन बॉडी कशाला लागतात. ड्रोन हवाच असेल लग्नासाठी तर हप्त्यावर घ्या, धंद्याचा खर्च धंद्यातून निघू दे. पण रोलचा कॅमेरा आणि एन्लार्जर ठेवा.

शेवटचं, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता, लाल बल्बच्या उजेडात, हायपो या फोटो पक्का करायच्या रसायनाच्या वासात मी लहानाची मोठी झाले. ते गेल्यावर त्यांच्या निगेटिव्ह आम्ही भावंडांनी अशाच एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकल्या, नंतर बघू म्हणून. सहा पावसाळ्यांनी उघडलं तेव्हा अर्ध्याच्या वर बुरशीनं खाल्ल्या होत्या, फिल्म एकमेकींना चिकटून वडीसारखी झाली होती, एक वाईचा घाट ओळखू आला आणि बाकी काही नाही. ॲडम्सच्या योसेमिटीतल्या डार्करूमला १९३७ मध्ये आग लागली तेव्हा जळत्या ढिगातून निगेटिव्ह काढून बाथटबच्या पाण्यात टाकून जेवढ्या वाचतील तेवढ्या वाचवल्या होत्या. आग निदान दिसते तरी. ओल दिसत नाही.

तेव्हा बाकीचं सावकाश करा, पण त्या ट्रंका आजच पलंगाखालून काढा. जमिनीला टेकलेली ट्रंक ओल धरते. निगेटिव्ह प्लास्टिकच्या जुन्या पिशव्यांतून काढून निगेटिव्हसाठी मिळतात त्या पाकिटांत घाला, उभ्या ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि त्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा, फक्त तो तवा स्वयंपाकाचा नको. डांबरगोळ्या अजिबात नकोत. कपाटाच्या वरच्या खणात जागा लागेल, ती वहिनींकडून मागून घ्या.